गोल म्हणजे केवढं गोल?

…आणि वर लोक मलाच विचारतात, ‘तिकडून तोंड आणलं नाहीस का रे?’ अहो, तोंडच आणलंय! फक्त तोंडच आणलंय! सहा वर्षं तिकडे परदेशात राहिलो, बर्फात घसरलो, तीन घरमालकिणींची बोलणी खाल्ली, आणि परत येताना बरोबर आणलं काय, तर हे एवढंसं, अंगठ्याएवढं तोंड!

हसू नका. तुम्हाला सांगतो, ही हसण्यावारी न्यायची गोष्टच नाही.

मी फ्रेंच हॉर्न वाजवतो. म्हणजे ते पितळेचं असतं बघा, वेटोळ्यावर वेटोळी, गोगलगाईसारखं दिसतं, फुंकायचं पुढून आणि आवाज निघतो मागून, आणि त्याच्या कर्ण्यात उजवा हात घालून बसायचं, एखाद्या गाईचा डॉक्टर बसतो तसं. तर आपण जिथून फुंकतो ना, ते टोक सुटं असतं. त्याला म्हणतात माउथपीस. आमच्या घरात कुणी माउथपीस म्हणत नाही. आत्या म्हणाली, ‘एवढं लांब नाव कशाला? तोंडाला लावायचं ते तोंड.’ झालं. तेव्हापासून तोंड. वर कड, कडेखाली वाटी, वाटीच्या तळाला भोक, आणि खाली दांडी, ती हॉर्नच्या नळीत बसते. एवढंच. आणि या एवढ्याशा वस्तूवर, तुम्हाला सांगतो, माणूस उभा राहतो किंवा आडवा होतो!

फक्त तोंडच आणलं, कारण हॉर्न होता तिकडच्या संगीतशाळेचा. तो शाळेनं ठेवून घेतला. पण माझ्या बाईंनी, म्हणजे तिकडच्या माझ्या शिक्षिकेनं, निघताना स्वतःचं तोंड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हॉर्न कुठेही मिळेल, तोंड आपलं हवं.’ मी रडलो. विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हे माझं तोंड. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की पुढचा अर्धा तास मला बाजूला बसवून ठेवलं.

आणि आलो मी परत! तिकडचे मित्र म्हणाले, वेडा आहेस. मी म्हटलं, अरे, इथे हॉर्न वाजवणारे पैशाला पासरी आहेत, छत्री उघडली की काडी हॉर्नवाल्याच्याच डोळ्यात जाते. आणि माझ्या गावात? माझ्या गावात माणसं जन्माला येतात, लहानाची मोठी होतात, म्हातारी होतात, पण हॉर्न एकदाही ऐकत नाहीत! म्हणजे ऐकतात, गाड्यांचा ऐकतात, दिवसभर तोच ऐकतात, म्हणून तर मी म्हणतो, त्यांना दुसरा ऐकवायला पाहिजे! मी खरंच तसं मानतो हं. अजून मानतो. हे एवढं सगळं होऊनही.

तर गावातल्या वाद्यवृंदात एक जागा होती. हॉर्नची. कैक वर्षं रिकामी. त्यांच्याकडे हॉर्न होता, पण तो वाजवणारा नव्हता, आणि माझ्याकडे तोंड होतं, पण हॉर्न नव्हता. म्हटलं, देवानंच जमवलेली सोयरीक! वाद्यवृंदाच्या संचालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. सर म्हणाले, ‘एक कार्यक्रम बघतो तुझा. जमलं तर पक्कं.’ आणि घरी बाबा म्हणाले, ‘एक कार्यक्रम बघतो तुझा. नाही जमलं तर काकाच्या शीतगृहात खुर्ची तयार आहे.’ शीतगृह! बटाट्यांच्या आवक-जावकीचा हिशेब! सहा वर्षं मी ओठ तापवायला शिकलो आणि आता बटाटे गार ठेवू?

म्हणजे बघा हं, सगळं आलं कशावर? एका कार्यक्रमावर. आणि त्या कार्यक्रमातली पहिलीच रचना अशी, की सुरुवातीला सगळे गप्प. व्हायोलिनं मांडीवर. ढोलवाला हाताची घडी घालून. आणि एकटा हॉर्न. हळू. अगदी हळू. लांबच्या टेकडीवरून कुणीतरी कुणालातरी हाक मारावी, एवढंच. मग व्हायोलिनं येतात. म्हणजे ती हाक पोचली, तर मी हॉर्नवाला. फाटली, तर मी बटाटेवाला.

आणि ती फाटली.

शेवटच्या तालमीत. का फाटली? कारण वाद्यवृंदाच्या हॉर्नची नळी जुन्या मापाची, आणि बाईंच्या तोंडाची दांडी नव्या मापाची! बसेना! कवळी सैल झालेल्या आजोबांनी फुटाणे खावेत तसं माझं तोंड त्या नळीत खुडुक-खुडुक हलायला लागलं. हवा भलतीकडून जायला लागली. मी हाक मारायला गेलो टेकडीवरून, आणि आवाज निघाला कोंबड्याच्या पायावर पाय पडल्यासारखा. सर थांबले. म्हणाले, पुन्हा. पुन्हा कोंबडा. सर म्हणाले, आणखी एकदा. तिसऱ्यांदा सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तुम्हाला सांगतो, संचालकानं ओरडावं, काठी आपटावी, पण चष्मा पुसू नये.

मधल्या सुट्टीत मी हॉर्न घेऊन बाहेर गॅलरीत गेलो. नळ्यांमध्ये पाणी साठतं, श्वासाचं, ते उलटंपालटं करून काढावं लागतं. लोकांना वाटतं थुंकी. थुंकी नसते ती! पण सांगणार कुणाला? त्या हॉर्नमध्ये वेटोळी इतकी, की मी तो गरागरा फिरवतोय, फिरवतोय, आणि आत येऊन बघतो तर तालीम संपलेली. व्हायोलिनं पेट्यांत, खुर्च्यांची खडखड, दिवे मालवताहेत. मी सरांपाशी गेलो. म्हटलं, सर, ते सुरुवातीचं… सर मफलर गुंडाळत होते. मफलरमधूनच म्हणाले, ‘हे बघ, ते सुरुवातीचं तेवढं गोल कर.’

मी म्हटलं, ‘गोल?’

‘गोल. आणि काळजी करू नकोस.’ आणि गेले.

मी तिथेच उभा. अंगावर काटा! कारण सहा वर्षं बाई मला हेच सांगत होत्या हो! आवाज गोल पाहिजे. टोकदार नको, चपटा नको, गोल! पिकलेल्या फळासारखा, कुठूनही हात फिरवावा तर कोपरा लागू नये असा! आणि इथे, माझ्या गावात, खुर्च्यांच्या खडखडाटात, एक माणूस मफलरमधून म्हणतो, गोल कर! मला इतकं भरून आलं. म्हटलं, कोण म्हणतं आपल्याकडे कान नाहीत? आहेत कान! मफलरखाली आहेत!

पण मग वाद्यवृंदाचा हॉर्न बगलेत घेऊन जिना उतरता-उतरता मधेच थांबलो. गोल म्हणजे केवढं गोल? आणि या हलत्या तोंडातून गोल निघणार कसं? कार्यक्रम तीन दिवसांवर, मधे तालीम नाही, सभागृहात कसलंसं प्रदर्शन. म्हणजे तीन दिवसांत मला नवं तोंड शोधायचं होतं.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘त्यात काय? दांडीला कागद गुंडाळ. घट्ट बसेल.’

कागद! मी भडकलो. मी म्हटलं, बाबा, हेच! हेच आपलं चुकतं! टेबल हललं, कागद. दार वाजलं, कागद. अहो, बाईंच्या तोंडाला मी कागद गुंडाळू? आपल्याला बदलायला पाहिजे! बाबा म्हणाले, ‘बरं बाबा, बदल. पण ज्या टेबलावर मूठ आपटतोयस ना, त्याच्या पायाखालचा कागद मीच घातलाय, तेवढं जपून.’

गेलो दुकानात. गावात वाद्यांचं दुकान एकच, त्यात तीन भिंती गिटारींच्या आणि चौथीवर तारा. दुकानदार गल्ल्यामागून म्हणाला, ‘बोला साहेब.’ मी म्हटलं, तोंड दाखवा. तो म्हणाला, ‘हे काय, समोरच आहे.’ मी म्हटलं, तुमचं नाही हो, हॉर्नचं! मग त्यानं माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला, फुंकर मारली, माझ्या नाकात सगळी धूळ गेली, आणि डबा उपडा केला. खणखणखण. सगळी ट्रम्पेटची! मी म्हटलं, ही ट्रम्पेटची आहेत. तो म्हणाला, ‘तोंडच आहे ना? फुंकायचंच आहे ना? तुम्ही शिकलेले लोक फार चिकित्सा करता हो.’ शेवटी तळाशी हॉर्नची तीन निघाली. जुन्या मापाच्या दांडीची! बसणारी! एक रुंद आणि खोल वाटीचं, एक बारीक कडेचं, आणि एक सोनेरी मुलामा दिलेलं.

मी विचारलं, ‘यातलं गोल आवाजाचं कुठलं?’

तो म्हणाला, ‘साहेब, गोलच आहेत की सगळी. चौकोनी तोंड बघितलंय का कुठे?’

मी म्हटलं, आवाज गोल हवा. तो म्हणाला, ‘केवढा?’ आता याला काय उत्तर देणार? मलाच कुठे माहीत होतं! गोल म्हणजे केवढं गोल? शेवटी म्हणाला, ‘असं करा, तिन्ही तोंडं घरी न्या, फुंकून बघा, दोन परत आणा. फक्त कार्यक्रमाच्या आत आणा, नाहीतर मग तोंड दाखवू नका.’

आता आमचं घर तुम्हाला माहीत नाही. बाबा वजनमाप खात्यातून निवृत्त. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. आई रुग्णालयात, शस्त्रक्रियेची हत्यारं उकळून निर्जंतुक करायच्या खोलीची प्रमुख. उकळल्याशिवाय तिच्या हातून चमचा सुटत नाही. आणि आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, म्हणजे तिला वाटतं कान फक्त तिलाच दिलेत. अशा तीन तज्ज्ञांपुढे मी माझी तीन तोंडं ठेवली!

बाबांनी लगेच मोजमापाचा चिमटा आणला. चष्मा कपाळावर. एकेक तोंड चिमट्यात धरलं, पुटपुटले, पुन्हा धरलं, आणि म्हणाले, ‘यात आणि यात फरक अर्ध्या मिलिमीटरचा आहे. अर्ध्या मिलिमीटरसाठी तू सकाळपासून येरझाऱ्या घालतोयस?’ मी म्हटलं, बाबा, ओठ आहेत ते! दाताच्या फटीत तीळ अडकला तर जिभेला डोंगर वाटतो की नाही? बाबा म्हणाले, ‘मग तीळ काढ आणि जेवायला बस.’

मी कुठला जेवतोय! मी खोलीत बसून फुंकतोय. रुंद लावलं, वाटलं, अहाहा, हेच! बारीक लावलं, वाटलं, छे, हेच! सोनेरी लावलं, ओठावर असं मऊ, लोण्यासारखं, वाटलं, मग ते दोन कुठले होते? पुन्हा रुंद लावलं तर ते परकं वाटायला लागलं. सकाळी गोल वाटलेलं दुपारी लंबगोल. दुपारचं संध्याकाळी पत्र्याचं. आणि ओठ सुजले! फुंकून फुंकून ओठ असे टरारले, की मी ‘प’ म्हणायला गेलो तर ‘फ’. आईला म्हटलं, फाणी दे. आत्या जवळ आली, हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, ‘हे ओठावर गोल काय उमटलंय? कुणी चावलं का?’

मी ताडकन उठलो. गोल! आत्या, तू गोल म्हणालीस! ती दोन पावलं मागे सरली आणि आईला म्हणाली, ‘वहिनी, याला तिकडे एकट्याला पाठवायला नको होतं.’

दुसऱ्या दिवशी तेच. मी जेवलो नाही, म्हणजे ओठ दुखत होते हो, घास कसा घेणार? तर आई दारात उभी राहून म्हणते, ‘आज पण जेवण गोल?’ बघा! आईसुद्धा! मी मनात म्हटलं, सगळी सृष्टी मला एकच शब्द सांगतेय. गोल, गोल, गोल… आणि मूर्खासारखा खूश होऊन पुन्हा फुंकायला लागलो. लक्षात ठेवा हे. आईचं हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

शेवटी माझी खात्री पटली, की वाजवणाऱ्याला कळतच नाही. कर्णा मागे असतो ना, आवाज जातो मागे, भिंतीवर आपटतो आणि मग लोकांना ऐकू येतो. म्हणून ऐकणारा दुसराच पाहिजे. मी तिघांना बैठकीत बसवलं. बाबा समोर. म्हटलं, बाबा, समोर नाही, मागे बसा. बाबा म्हणाले, ‘म्हणजे तू सहा वर्षं शिकलास आणि वाजवतोस भिंतीला?’ बसले मागे. मी म्हटलं, आता तुम्ही तिकडे तोंडं फिरवा. आत्या म्हणाली, ‘कुठलं? हे की डब्यातलं?’ मी म्हटलं, स्वतःचं! बघायचं नाही. मी एक, दोन, तीन अशी तिन्ही लावून तीच हाक वाजवणार, तुम्ही फक्त सांगायचं गोल कुठलं. शास्त्रशुद्ध! तिकडे असंच करतात! आईला मात्र मी शेजारी उभं केलं, म्हटलं, तू एकेक तोंड माझ्या हातात दे, मीही बघत नाही, डोळे मिटतो. म्हणजे पक्षपात नको.

डोळे मिटले. हात पुढे केला. आईनं तोंड ठेवलं. लावलं. वाजवलं. एक.

काढलं, आईकडे दिलं. हात पुढे. लावलं. वाजवलं. दोन.

काढलं, दिलं. हात पुढे. लावलं. वाजवलं. आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय तो आवाज! मऊ, भरलेला, कुठे कोपरा नाही! मी डोळे मिटूनच ओरडलो, हेच! हेच गोल!

बाबा म्हणाले, ‘काहीतरीच. गोल पहिलं. तिसरं मापात कमी आहे.’

आत्या उसळली. ‘दादा, तू तराजू ऐकलेस, माणसं नाही ऐकलीस. पहिलं म्हणजे ट्रंककॉल, लांबून कुणीतरी बोलतंय, मधे खरखर. तिसरं म्हणजे कुणीतरी रिसीव्हरवर हात ठेवलाय. दुसरं! दुसरं म्हणजे शेजारच्या खोलीतून बोलावं इतकं स्वच्छ!’

‘दुसरं फाटकं होतं!’

‘तुझे कान फाटके!’

‘मी पुराव्यानिशी सांगतो…’

‘तीस वर्षं लोकांचे आवाज जोडलेत मी!’

आणि मी मधे, तिसरं, तिसरं, म्हणून हॉर्न हवेत नाचवतोय! शेवटी बाबा म्हणाले, थांबा, कुठलं ते तरी बघू, आणि आईला म्हणाले, ‘पहिलं कुठलं दिलं होतंस?’

आईनं पदराला हात पुसले. म्हणाली, ‘हे.’ रुंद वाटीचं.

‘आणि दुसरं?’

‘हे.’

‘हे तर पहिलं.’

‘हो.’

‘मग तिसरं?’

आई म्हणाली, ‘हेच की. बाकीची दोन कुठल्या डब्यातली, कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलेली, धूळ बसलेली! त्यात याचे ओठ हे असे सुजलेले! मी हे एकच उकळलं होतं, तेच पुसून पुसून दिलं.’

बाबांनी ते तोंड उजेडात धरून पुन्हा बघितलं.

म्हणजे कळलं का काय झालं? तीन मतदार, तीन उमेदवार, तिघांना एकेक मत, आणि उमेदवार एकच! बाबांना त्यात मापातला फरक ऐकू आला. आत्याला ट्रंककॉल ऐकू आला. आणि मला? सहा वर्षं बाहेर शिकून आलेला मी, शास्त्रशुद्ध परीक्षा घेणारा मी, मला त्याच तोंडानं तिसऱ्या खेपेला रडवलं! मी खाली बसलो. म्हटलं, संपलं. ज्याला स्वतःच्या कानावर भरवसा नाही तो गावाला कान काय देणार? बाबा मात्र शांत. म्हणाले, ‘मग झालं की. एकमतानं निवडून आलं. असा निकाल माझ्या अख्ख्या नोकरीत मी बघितला नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तोंडं दुकानात परत दिली. उकळून. दुकानदार म्हणाला, ‘ही इतकी चकाचक कशी? साहेब, माझीच आहेत ना?’

आणि आला कार्यक्रम. तुम्हाला सांगतो, विंगेतून मी बघितलं, सभागृह भरलेलं. बाबा, आई, आत्या पहिल्या रांगेत, आणि शेजारी काका, शीतगृहवाला, माझ्याकडे बघून असा हात हलवतोय, की जणू उद्या सकाळी लवकर ये. माझ्या तोंडाला कोरड. हॉर्नला तोंड लावलं, रुंद वाटीचं, एकमतवालं, घट्ट बसलं. शर्टाच्या खिशात बाईंचं. ओठांची सूज उतरलेली, नुसती ठसठस. मी खुर्चीवर बसलो. माझ्या पुढे फ्लूटवाली ताई, ती मागे वळून म्हणाली, ‘मजा आहे बाबा तुझी आज.’ मी म्हटलं, मजा? हिला कळतंय का इथे माझा जीव टांगणीला लागलाय? गोल म्हणजे केवढं गोल, हे सरांना आज मी दाखवणार!

सर आले. टाळ्या. वाकले. वळले. सगळं चिडीचूप. कुणीतरी खोकलं. सरांनी हात वर उचलला. मी श्वास घेतला. आता मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, की व्हायोलिनंही खांद्यावर चढली. मी म्हटलं, ही का चढली? त्यांना वेळ आहे अजून. पण श्वास घेतला की हॉर्नवाला थांबत नसतो, तो काय नळ आहे बंद करायला? सरांचा हात खाली यायच्या आत मी ओठ लावले आणि…

निघाली.

हाक निघाली हो! टेकडीवरून! हळू, भरलेली, कुठे ओरखडा नाही. मागच्या भिंतीला लागली, वर गेली आणि सगळ्या सभागृहावर अशी उतरली… मी वाजवतोय आणि मला स्वतःलाच वाटतंय, हे कोण वाजवतंय? आणि समोर बघतो तर सरांचा हात तसाच वर. हवेत. हलेना. व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकलेले, डोळे माझ्याकडे, बुबुळं ही एवढी! मी म्हटलं, वा! काय ऐकताहेत! दगड झाले दगड! शेवटचा सूर लांबवला, सोडला. सरांनी हात हळूच खाली आणला, व्हायोलिनं आली, आणि पुढचं सगळं कसं पार पडलं मला आठवत नाही, मी तरंगतच होतो.

कार्यक्रम संपला. आत खोलीत सर आले. मफलर नव्हता, म्हणून या वेळी चेहरा सगळा दिसला. दिसला नसता तर बरं झालं असतं.

‘मी तुला काय सांगितलं होतं?’

‘गोल कर, सर.’

‘मग?’

‘केलं ना, सर. गोल नव्हतं?’

सरांचं तोंड उघडंच राहिलं. आधी फ्लूटवाली ताई हसली. फ्लूट खाली ठेवून, पोट धरून. म्हणाली, ‘अरे वेड्या, गोल कर म्हणजे गाळ! उडव! खा! सर तुला म्हणाले ते वाजवूच नकोस! तू गॅलरीत हॉर्न फिरवत होतास तेव्हा आम्हाला सगळ्यांना सांगितलं, हॉर्नचं गाळून एकदम व्हायोलिनपासून सुरू करायचं. आणि तू… तू तीन दिवस ते गोल करत बसलास?’

आज पण जेवण गोल! आईनं सांगितलं होतं हो! घरात बसून, मायबोलीत, समोर उभं राहून सांगितलं होतं! सहा वर्षांत मी सूर विसरलो नाही, ताल विसरलो नाही, आणि आईच्या तोंडातला एक साधा शब्द विसरून आलो!

मला वाटलं, झालं, बटाटे. तेवढ्यात दार उघडलं आणि सभागृहाच्या मंडळाचे अध्यक्ष आत आले, वयस्कर गृहस्थ, सरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ‘ती सुरुवात! ती एकट्याची हाक! आणि तुमचा तो हात, हवेत थांबवलेला… काय कल्पना आहे हो तुमची! माझी बायको गेल्यापासून मी असा शांत बसलो नव्हतो.’ सर माझ्याकडे बघतात, अध्यक्षांकडे बघतात, पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाले, ‘हो, म्हणजे… तसं ठरवूनच केलं.’

अध्यक्ष गेले. सरांनी चष्मा काढला. पुसला. मग म्हणाले, ‘पक्का तू. सोमवारपासून तालमीला ये. हॉर्न आता तुझ्या घरीच राहू दे. तोंड तेच ठेव.’

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. खरंच वाकलो. डोळ्यांसमोर अख्खं गाव दिसायला लागलं, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे हॉर्न ऐकताहेत. आणि मी वाकलेला असतानाच वरून आवाज आला, ‘फक्त एक आहे. पहिलं वर्षभर पगार मात्र गोल.’

आणि तुम्हाला सांगतो, या वेळी मला कुणालाही विचारावं लागलं नाही. घरी गेलो, बाबांनी विचारलं, जमलं? म्हटलं, जमलं. पगार? म्हटलं, गोल. बाबांनी हात पुढे केला, त्यांच्या तळहातावर तोंड ठेवलं, त्यांनी एक डोळा मिटला आणि वाटीला दुसरा डोळा लावून माझ्याकडे बघितलं. गोल म्हणजे केवढं गोल? हे बघा, तुम्हीही बघा, लाजू नका, उकळलेलं आहे… एवढं. आरपार.